जेटीच्या टोकाशी होडीतून गरवायला जाताय? आधी तिथी बघा

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी.

दिवाळी झाली की बडोद्यातली बरीच मराठी घरं कोकणात उतरतात. कुणाचं आजोळ दापोलीला, कुणाची सासुरवाडी मुरूड-जंजिऱ्याला. हल्ली त्यात एक हौस वाढली आहे. रॉड-रील गाडीत टाकायचे, तिकडे ओळखीने एखादी फायबरची छोटी होडी मिळवायची आणि जेटीच्या नाहीतर ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) टोकाशी जाऊन गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे. मीही त्यातलाच आहे आणि मला ही हौस मनापासून आवडते. म्हणूनच हा धागा काढतोय. आपल्याकडची मुलं तलावात आणि धरणाच्या पाण्यात गळ टाकायला शिकतात, आणि तीच सवय घेऊन खाडीच्या तोंडावर जातात. तिथलं पाणी वेगळं असतं.

जेटीशी मासा असतो हे खरंच. खांबांना आणि दगडांना कालवं धरतात, त्यांच्या आडोशाला बारकी मासळी आणि खेकडे राहतात, आणि त्यांच्या मागावर तांबोशी, गोबरा, जिताडा येतात. पाणी टोकाला वळसा घालून जिथे जोरात वाहतं, तिथे मोठा मासा प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. म्हणजे मासा जिथे सगळ्यात चांगला, तिथेच पाण्याची ओढ सगळ्यात जास्त आणि दगड सगळ्यात जवळ.

निघताना प्रत्येक जण विचारतो, लाटा किती आहेत? माझं म्हणणं, आधी पाणी कुठे चाललंय आणि वारा कुठून येतोय ते विचारा.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी १२ च्या आसपास. थोडं इकडेतिकडे होतं, पण ठोकताळा पक्का आहे.

आता त्यावर वारा ठेवून बघा. दिवाळीपासून मेपर्यंत हवा चांगली असली की सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो. दुपारच्या सुमाराला तो फिरतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि ३-४ वाजता त्याचा जोर असतो. पौर्णिमेला १२ वाजता भरती पूर्ण झाली की ओहोटी लागते. तीही उधाणाची, म्हणजे खाडीत शिरलेलं भरमसाट पाणी ६ तासांत बाहेर पडायचं. ते पश्चिमेला धावतंय आणि वारा पश्चिमेकडून त्याच्या तोंडावर. अशा वेळी सकाळी नुसती हलणारी लाट उभी राहते, आखूड होते. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका लाटेतून वर यायच्या आत दुसरी लाट अंगावर असते, आणि पाणी आत येतं ते नाळेवरून. त्यात ६ च्या सुमाराला पाणी सगळ्यात उथळ होतं, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर त्यावर लाटा फुटायला लागतात आणि उजेडही जातो. सुट्टीची मंडळी परत फिरतात ती नेमकी याच वेळी.

अष्टमीला याच्या उलट. सकाळी ६ ते १२ ओहोटी, पण तेव्हा वाराही जमिनीकडूनच असतो, पाणी आणि वारा एका दिशेला. दुपारी भरती लागते, तेव्हा खारा वाराही आतच येत असतो. शिवाय ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, ओढ कमी. जेटी तीच, होडी तीच, माणसं तीच. तिथीने एवढा फरक पडतो. सुट्टी रविवारची आणि रविवारी नेमकी पौर्णिमा असं झालं तर पहाटे निघा आणि ११ ला होडी किनाऱ्याला लावा. दुपारी गरवायचंच असेल तर जेटीवर उभं राहून गरवा.

दुसरी गोष्ट, टोकाशी पोचल्यावर गळ काढायची घाई करू नका. दगडांपासून चांगलं लांब मशीन न्यूट्रलला टाका आणि दोन मिनिटं नुसतं बघा. होडी दगडांपासून दूर वाहत जात असेल तर ती बाजू गरवायची. दगडांकडे जात असेल तर तिथे मासा उड्या मारत असला तरी थांबायचं नाही, कारण मशीन बंद पडलं तर तुम्ही कुठे जाऊन आपटणार ते त्या दोन मिनिटांत दिसलेलं असतं. मशीन बंद पडतंच. पेट्रोलमध्ये पाणी शिरतं, जाळ्याचा तुकडा पंख्यात अडकतो.

नांगर नाळेवर हाताशी, दोर मोकळा, गुंता नाही. मशीन गेलं की स्टार्टरची दोरी ओढत बसण्याआधी नांगर टाकायचा, मग काय ते दुरुस्त करायचं. आणि नांगर कायम नाळेवरूनच. मागून नांगर टाकला की होडीची पाठ लाटेकडे होते. तिथे मशीनचं वजन, फळी बुटकी, त्यात ओढीने मागची बाजू खाली दाबली जाते. पहिली मोठी लाट आत आली की पाणी उपसायलाही वेळ मिळत नाही.

कोकणातल्या आणि इकडच्या अनुभवी लोकांनी भर घालावी.

खाडीकाठ

दादा, मी मूळचा दाभोळच्या बाजूचा, नोकरीमुळे मकरपुऱ्यात राहतो. तिथीचं अगदी बरोबर लिहिलंय. आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत दुपारच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, छोटी होडी खाडीच्या तोंडाबाहेर काढत नाहीत, तांडेल (होडीचे प्रमुख) पोरांना ओरडतात.

दांड्याबद्दल थोडं. वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. मागच्या वर्षी जिथून गेलात तिथून या वर्षी वाट असेलच असं नाही, आणि गूगलच्या नकाशात तो दिसत नाही. गावातल्या होड्या कुठून आत-बाहेर करतात ते धक्क्यावर उभं राहून बघायचं, आणि तांडेलाला सरळ विचारायचं. कोळी माणूस सांगायला कधी नाही म्हणत नाही. त्यांच्या जाळ्यांच्या बोयांपासून मात्र लांब राहा. ते त्यांचं पोट आहे.

नांगर दगडात अडकतो, त्याचा एक उपाय. दोर नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या बुडाला बांधायचा आणि कडीशी फक्त बारीक सुतळीने धरून ठेवायचा. एरवी नांगर नेहमीसारखा धरतो. अडकला तर होडी त्याच्या बरोबर वर आणून जोरात ओढ द्यायची, सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. तरीही नाही सुटला तर दोर कापायचा. त्यासाठी धारदार सुरी नाळेशीच असायला हवी, टॅकलच्या डब्यात तळाला नव्हे.

कयाकवाला

लेख छान आहे काका, पण वाचून नवीन माणूस घरातून बाहेरच पडणार नाही असं वाटतं. मी कयाकवरून गरवतो. कयाक बुडत नाही, उलटली तर परत चढता येतं, आणि मशीनच नाही तर ते बंद पडायचा प्रश्नही नाही. जेटीच्या अगदी भिंतीला लागून जाता येतं, तिथे ओढही कमी लागते. होडीचे नियम कयाकला जसेच्या तसे लावू नयेत.

सुरसागरकाठ

घरात बसवायचं असतं तर गरवण्याबद्दल लिहिलंच नसतं. लोकांनी जावं आणि परत यावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

कयाक बुडत नाही हे मान्य. पण भिंतीला लागून जाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. सरळ उभी काँक्रीटची भिंत असेल तर लाट तिच्यावर आपटून परत फिरते. येणारी आणि परतणारी अशा दोन लाटा एकमेकींत मिसळतात आणि पाणी जागच्या जागी वरखाली उसळतं, दिशाच राहत नाही. त्यात कयाक आडवी झाली की सावरायला वेळ मिळत नाही. टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) किंवा दगडांच्या ब्रेकवॉटरवर लाट बरीचशी जिरते, पण तिथे वेगळंच संकट आहे. पाणी दगडांच्या फटीत आत ओढलं जातं आणि माणूसही. आणि परत चढता येतं म्हणता, ते सपाट पाण्यात. मागे हातभर अंतरावर कालवं लागलेला दगड आणि लाट तुम्हाला त्याच्यावर ढकलतेय, अशा वेळी चढून बघितलंय का? वल्ह्याने ताशी ५-६ किलोमीटर वेग निघतो. उधाणाच्या वेळी टोकाशी पाणी तेवढ्याच किंवा त्याहून जास्त वेगाने धावत असेल तर तुम्ही जागच्या जागी.

मांजलपूरची

मी गळ धरत नाही, पण नवरा आणि मुलगा दोघंही जातात म्हणून हा धागा सगळा वाचला.

१८ जानेवारी २०२४ ला आपल्या बडोद्यातल्या हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तिथे ना भरती होती, ना लाट, ना वारा. तेव्हापासून आमच्या घरी वाद संपला आहे. जॅकेट अंगात नसेल तर होडीत पाय नाही. होडीत ठेवलेलं जॅकेट धरत नाही, घातलेलंच धरते.

विकत घेताना काय बघायचं ते कुणी सांगेल का? मुलगा ११ वर्षांचा आहे.

खाडीकाठ

ताई, मुलाचं जॅकेट त्याच्या वजनाप्रमाणे घ्या, वाढत्या अंगाचं म्हणून मोठं घेऊ नका. आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. सगळे पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर उचलून बघायचं. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० म्हणजे पोहता येणाऱ्याला आधार देणारं, कयाकवाले तेच घालतात कारण हात मोकळे राहतात. १०० आणि १५० वालं माणसाला उताणं करून तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी केलेलं असतं. मुलासाठी आणि पोहता न येणाऱ्यासाठी १०० च्या खालचं घेऊ नये. शिट्टी बांधलेली हवी. आणि समुद्रावर जायच्या आधी तरणतलावात घालून उडी मारायला लावा, पहिल्यांदा घाबरायचं ते तिथे घाबरू दे. विश्वामित्रीत किंवा आजव्याच्या पाण्यात हा प्रयोग नको, मगरी आहेत.

दहेजची शिफ्ट

तिथीच्या पाऊणपटीबद्दल एक महत्त्वाची दुरुस्ती. तो हिशेब मुंबई आणि कोकणचा. खंभातच्या आखातात तो चालत नाही. भरती मुंबईहून आत यायला काही तास जातात, त्यामुळे दहेज, घोघा, भावनगर इथल्या वेळा पार वेगळ्या. बडोद्याहून जवळ म्हणून कुणी कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या बाजूला गळ घेऊन जाणार असेल तर कृपा करून पाऊणपटीवर जाऊ नका. ते देऊळ भरतीत पाण्याखाली जातं हे सगळ्यांना माहीत आहे, पण तेच पाणी आपल्या गुडघ्यापर्यंत किती वेळात येईल याचा अंदाज नवख्याला येत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, त्यात त्या बंदराचं नाव बघून वेळ काढा.

पाणी किती वाढतं हेही बघा. मुंबईला उधाणाला साधारण साडेचार मीटर. भावनगरला १० मीटरच्या वर. आणि ते सारख्या वेगाने वाढत नाही. ६ तासांत चढणाऱ्या पाण्याचे १२ भाग धरले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, मग २, मग १. म्हणजे १० मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत दर तासाला अडीच मीटर पाणी चढतं. मिनिटाला ४ सेंटिमीटर. डबा उघडून थेपले खाईपर्यंत फूटभर.

याचा होडीशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक, नांगराचा दोर. तो खोलीच्या निदान पाचपट सोडायचा असतो, तेव्हा नांगर आडवा राहून धरतो. तुम्ही ४ मीटर पाण्यात २० मीटर दोर सोडून बसलात आणि पाणी १० मीटर झालं, की तोच दोर खोलीच्या जेमतेम दुप्पट, नांगराला ओढ वरच्या दिशेने, नांगर सुटला किंवा नाळ खाली ओढली गेली. दोन, होडी जेटीच्या खांबाला बांधणं. आखूड दोराने खांबाला बांधून जेटीखाली सावलीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पाणी चढलं की होडीची कड आडव्या बीमखाली जाते. पाणी तिला वर दाबतं, बीम खाली दाबतो, ती एका अंगाला कलते आणि भरते. गाठही सुटत नाही, कारण दोर ताणलेला असतो. ओहोटीला उलट, होडी दोरावर लटकते. खांबाला होडी बांधायचीच नाही, गळ टाकायला तर नाहीच.

आणि आमच्या बाजूच्या मोठ्या जेट्या विसरा. एल.एन.जी. आणि रसायनांच्या धक्क्यांजवळ छोटी होडी नेणं मना आहे, सुरक्षा बोट येऊन हाकलते, पुढे पोलीस. ते योग्यच आहे. मोठं जहाज चॅनेलमधून गेलं की काठावरचं पाणी आधी मागे ओढलं जातं, तुमची होडी चिखलात टेकते, आणि मग तेच पाणी एकदम परत येतं. जहाज लांब गेलं, आता धोका नाही असं वाटत असतानाच हे होतं.

ओखामंडळ

थोडं अवांतर. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ गायकवाडीत होतं, सयाजीराव महाराजांच्या काळात ओखा बंदर उभं राहिलं. तेव्हा बडोद्याला समुद्र नाही असं म्हणणाऱ्यांनी इतिहास बघावा. आणि खंभातच्या आखाताची भीती आजची नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात भरूचच्या नदीमुखाचं वर्णन आहे. भरती गर्जना करत येते, जहाजं आडवी करते. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणायचे. तांडेलाला विचारून जा, असं वर कुणीतरी लिहिलंय. ते दोन हजार वर्षं चालत आलेलं आहे.

जुना कंपाउंडर

कालवांनी कापलं तर ती जखम साधी समजू नका. खाऱ्या पाण्यातल्या जंतूंनी ती झपाट्याने चिघळू शकते. लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, किंवा काही तासांत लाली, सूज, ताप वाढत असेल तर कुणीही, थांबायचं नाही, डॉक्टरकडे जायचं आणि समुद्राच्या पाण्यात कापलं हे आवर्जून सांगायचं.

दुसरं म्हणजे बोटं. होडी धक्क्याला लागताना हाताने थोपवायला जाऊ नका. भरलेली होडी लाटेने धक्क्यावर दाबली जाते तेव्हा तो जोर माणसाच्या हाताचा नाही. टायर मध्ये येऊ द्या.

कयाकवाला

कावी-कंबोईचं माहीत नव्हतं, धन्यवाद. खांबाचंही पटलं. कयाक दोरीने खांबाला बांधून गरवणारे खूप आहेत आमच्या ग्रुपमध्ये, त्यांना हा धागा पाठवतो.

पण छोट्या मशीनच्या होडीपेक्षा कयाक सुरक्षित या मतावर मी ठाम आहे. होडीत चार जण असतात, एकाला मासा लागला की चौघंही त्याच बाजूला वाकतात. कयाकमध्ये ते होत नाही.

संकटात फोन कुणाला करायचा?

दहेजची शिफ्ट

तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, नाहीतर ११२. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेला. व्ही.एच.एफ. रेडिओ असेल तर चॅनेल १६. निघायच्या आधी इन्कॉइसचा इशारा बघा. हैदराबादच्या त्या संस्थेकडून लाटांचा अंदाज येतो, छोट्या होड्यांसाठी वेगळा इशाराही असतो. बंदरावर ३ नंबरचा (वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागला असेल तर परत फिरा, आकाश कितीही निळं असू दे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला निदान १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या दिवसांत हौशी माणसानेही छोटी होडी समुद्रात नेऊ नये.

सुरसागरकाठ

चौघं एका बाजूला वाकतात, हा मुद्दा कयाकवाल्याने फार चांगला काढला. आमच्या होडीत नियम असा, की मासा ज्याला लागला तोच हलतो, जाळी एकाच्या हातात, बाकीचे बसलेले. आणि सुकाणूवरचा माणूस गळ टाकत नाही, पाळीपाळीने बसायचं. त्याच्या मनगटाला किल-स्विचची दोरी असतेच. तो पडला की मशीन बंद. नाहीतर रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

दहेजच्या मित्राने पाऊणपटीची हद्द सांगितली ते फार बरं केलं. मूळ लेख संपादित करून वरच लिहितो: हा हिशेब कोकणासाठी, आखातासाठी नाही.

कार्तिकातल्या सप्तमी-अष्टमीच्या जवळचा शनिवार बघून आम्ही काही जण दाभोळकडे जातोय. खाडीकाठच्या ओळखीचे तांडेल पहिल्या सकाळी बरोबर येणार आहेत. त्याआधीच्या रविवारी तरणतलावात जॅकेटं घालून बघू. ताई, मुलाला घेऊन त्या दिवशी जरूर या. समुद्रावर ज्यांना यायचं आहे त्यांनी वजन आणि पोहता येतं की नाही, दोन्ही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवा. होडीत किती जण बसवायचे आणि दुसरी होडी सांगायची का, ते त्यावरून ठरवतो.